समाजशास्त्राची पेपरबॅक पुस्तकं: मागची पानं आधी वाचणाऱ्यांसाठी धागा

कडुलिंब (धागाकर्ता)

राम राम मंडळी.

दिवाळी अंकांच्या धाग्यावर 'माणसं अशी का वागतात' छापाच्या पुस्तकांवरून जी खडाजंगी झाली, ती तिथे अवांतर होत होती. संपादकांनी कान धरायच्या आत वेगळा धागा काढतोय. विषय: समाज आणि माणसाचं वागणं यांवर अभ्यासकांनी लिहिलेली आणि आता पेपरबॅकमध्ये मिळणारी पुस्तकं. म्हणजे निदान खिशाच्या आवाक्याजवळ आलेली.

हा प्रकार ज्यांना नवा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. परदेशी विद्यापीठांच्या प्रकाशनसंस्था बरीचशी पुस्तकं आधी पुठ्ठा बांधणीत काढतात. ती आवृत्ती तुमच्याआमच्यासाठी नसतेच. ती ग्रंथालयांनी घ्यायची, त्यामुळे किंमत शंभर डॉलरच्या पुढे गेली तरी प्रकाशकाला घाम फुटत नाही. पुस्तकाचं नाव झालं, कुठे अभ्यासक्रमाला लागलं, की वर्ष-दीड वर्षाने पेपरबॅक येते. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठासारख्या काहींच्या प्रकाशनसंस्था दोन्ही एकदमच काढतात. आणि नशीब जोरावर असेल तर भारतीय आवृत्ती निघते, 'फक्त दक्षिण आशियात विक्रीसाठी' असं मागे छापलेली.

माझं म्हणणं एवढंच, की ही पुस्तकं मागून वाचायला घ्यावीत. परिशिष्ट, टिपा, 'हा अभ्यास कसा केला' हे प्रकरण. कोणाला विचारलं, कुठे, किती जणांना, कोणत्या महिन्यात, आणि विचारणारा कोण होता. ते पटलं तर पहिल्या पानावर जावं. नाही पटलं तर पुस्तक परत फडताळात.

कारण सांगतो. डॅनियल कानमन यांचं 'थिंकिंग, फास्ट अँड स्लो' २०११ चं. नोबेल मिळालेला माणूस, भाषा सोपी, विमानतळापासून रेल्वे स्टॉलपर्यंत सगळीकडे प्रत. त्याच्या चौथ्या प्रकरणात 'प्रायमिंग'चे प्रयोग आहेत. म्हातारपणाशी निगडित शब्द वाचायला दिले की कॉलेजची पोरं बोळातून हळू चालतात, वगैरे. यावर अविश्वास ठेवायची सोयच नाही, असं कानमननी तिथे ठासून लिहिलंय. २०१२ मध्ये ब्रसेल्सच्या संशोधकांनी तोच प्रयोग चालण्याचा वेग यंत्राने मोजून केला, तर परिणाम गायब. हातात स्टॉपवॉच घेतलेल्या मदतनिसाला काय घडणार ते आधी सांगून ठेवलं, तेव्हा मात्र तो बरोबर परत आला! पुढे २०१५ मध्ये 'सायन्स' नियतकालिकात मानसशास्त्रातल्या १०० अभ्यासांची फेरतपासणी छापून आली. मूळ अभ्यासांपैकी ९७ टक्के संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरलेले होते, फेरतपासणीत उतरले ३६ टक्के. २०१७ मध्ये खुद्द कानमननी जाहीर लिहिलं, की छोट्या नमुन्यांच्या अभ्यासांवर आपण नको इतका भरवसा ठेवला. मोठ्या मनाचा माणूस. २०२४ च्या मार्चमध्ये गेले. चौथं प्रकरण अजून पुस्तकात आहे आणि लोक ते तितक्याच श्रद्धेने वाचतायत.

पुस्तक टाकाऊ आहे असं नाही हं. मिळाल्याच्या आनंदापेक्षा गमावल्याचं दुःख मोठं, हा त्यांचा मूळ सिद्धांत नंतर बऱ्याच देशांत तपासला गेला आणि बऱ्यापैकी टिकला.

सुरुवात माझ्याकडून: मुंबईच्या पाण्यावरची दोन. लिसा ब्यॉर्कमन यांचं 'पाइप पॉलिटिक्स, कन्टेस्टेड वॉटर्स' (२०१५) आणि निखिल आनंद यांचं 'हायड्रॉलिक सिटी' (२०१७). दोन्ही ड्यूकची. पहिल्याचा मोठा भाग गोवंडीच्या शिवाजीनगर-बैंगनवाडीतला, दुसऱ्याचा जोगेश्वरीतला. दोघंही प्लंबर, नगरसेवक, पालिकेचे अभियंते यांच्या मागे मागे हिंडले आहेत. आकडे कमी, माणसं जास्त. पण मागची पानं वाचल्यावर कळतं की किती मुरून लिहिलंय.

तुम्ही काय वाचताय?

---

डबलफास्ट_लोकल

पाण्याची दोन्ही वाचली नाहीत, पण आयुष्य त्यातच गेलं. आमच्या वस्तीत पाणी पहाटे. चावीवाला सायकलवरून येणार, खांद्यावर टी आकाराची लांब दांडी. रस्त्यातलं लोखंडी झाकण उघडून दांडी आत घालणार आणि आटे फिरवणार. किती आटे फिरवले त्यावर टेकडीवरच्या ओळींना पाणी चढणार का नुसती शिट्टी वाजणार ते ठरतं. दिवाळीला पोस्टमनच्या आधी त्याचं पाकीट तयार असतं. पुस्तकात हे आहे का?

---

कडुलिंब

आहे ना, चांगलं तपशिलात. आनंद यांचं एक निरीक्षण मला फार पटलं: धरणात पाणी किती आहे यापेक्षा पाइपात दाब किती आहे, हा मुंबईत खरा प्रश्न. आणि दाब पाण्यालाही लावावा लागतो, नगरसेवकालाही. ब्यॉर्कमनचं म्हणणं थोडं वेगळं. जमिनीखाली नेमकं काय जोडलेलं आहे हे पालिकेच्या अभियंत्यांनाही पुरतं ठाऊक नसतं. नकाशे अर्धवट, माहिती माणसांच्या डोक्यात. त्यामुळे ज्याला माहीत आहे त्याची चलती.

बाकी, २०१४ च्या डिसेंबरमध्ये पाणी हक्क समितीच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने निकाल दिला की २००० नंतरच्या झोपड्यांनाही पाणी नाकारता येणार नाही. ही पुस्तकं वाचल्यावर लक्षात येतं की असा निकाल आणि नळ यांच्यामध्ये किती झाकणं आहेत.

---

टोचणी

मराठी संस्थळावर इंग्रजी पुस्तकांची आरती. चालू द्या. 🍿

---

उसाचा_पाला

टोचणीराव, थांबा जरा, आमचं बी ऐका.

मी वाचलं 'स्कार्सिटी'. सेंधिल मुल्लाइनाथन आणि एल्डर शफीर, २०१३. पोरीनं इंजिनिअरिंगच्या लायब्ररीतनं आणलं होतं. वाचायला घेतलं ते एकाच कारणानं, त्यात ऊसवाले शेतकरी आहेत. तमिळनाडूतले. शास्त्रज्ञांनी ४६४ शेतकरी घेतले आणि प्रत्येकाची परीक्षा दोनदा घेतली, एकदा ऊस जायच्या आधी आणि एकदा बिल हातात पडल्यावर. आकृत्यांची कोडी सोडवायची, असली परीक्षा. माणूस तोच, पण तोडणीआधी गुण कमी. फरक आयक्यूच्या हिशेबानं नऊ-दहा गुणांचा म्हणतात. आणि तोडणीआधी ७८ टक्के लोकांचं काही ना काही गहाण होतं, बिल आल्यावर ४ टक्के.

म्हणणं असं की गरीब माणूस अक्कल कमी म्हणून चुकीचे निर्णय घेत नाही. टंचाईच अक्कल खाऊन टाकते. डोक्यात सारखा हिशेब चाललेला, मग बाकी कशाला जागा शिल्लक राहत नाही.

आता आमच्या शिरोळ भागातलं सांगतो. आडसाली लावण जुलै-ऑगस्टला. तोड व्हायला पुढच्या वर्षाचा नोव्हेंबर नाहीतर डिसेंबर. दीड वर्ष खत, पाणी, भांगलण सगळं उधारीवर. सोसायटीचं पीककर्ज मार्चअखेर नवं-जुनं करायचं. ऊस गेल्यावर १४ दिवसांत एफआरपी, म्हणजे सरकारनं ठरवलेला किमान दर, द्यायची असा १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाचा कायदा, पण आमच्या कारखान्याचं कॅलेंडर वेगळं. त्या दिवसांत घरातला माणूस कसा असतो ते बायकोला विचारा. दुकानात गेला तर काय आणायचं ते विसरणार, शाळेच्या फॉर्मवर सही भलतीकडं करणार, पोरगं काही विचारायला आलं तर खेकसणार. मी स्वतः त्या महिन्यात ट्रॅक्टरचा विमा भरायचा विसरलोय. पुस्तकातलं शंभर टक्के पटलं.

फक्त एक ठिकाणी अडलो. त्यांनी लिहिलंय की कुणाचा ऊस कधी तुटणार हे कारखाना ठरवतो, त्यामुळं एकाच गावात कुणाचा आधी, कुणाचा चार महिन्यांनी. म्हणून मग दिसलेला फरक हंगामाचा नाही, पैशाचाच, असं म्हणता येतं. तिकडलं मला माहीत नाही. आमच्याकडं पाळीपत्रक कागदावर नोंदीच्या तारखेप्रमाणं असतं. प्रत्यक्षात तोडणीची टोळी कुणाच्या फडात आधी शिरणार हे कारखान्याचा चिटबॉय (तोडीची चिठ्ठी देणारा), टोळीचा मुकादम आणि चेअरमनच्या घरचा चहा यांवर ठरतं. ज्याची वट त्याचा ऊस आधी. ज्याला वट नाही तो फेब्रुवारीत तुऱ्याकडं बघत बसलेला.

---

काळा_कोट

उसाचा पाला, तुमचा शेवटचा परिच्छेद वाचून खुर्चीतून उठलो. अगदी हाच प्रकार आमच्या धंद्यातही.

'भुकेले न्यायाधीश' हा अभ्यास ऐकला असेल सगळ्यांनी. इस्रायलमधला, २०११ चा. ८ न्यायाधीश, पॅरोलचे १,११२ निर्णय. सत्राच्या सुरुवातीला ६५ टक्के अर्ज मंजूर, सुट्टी जवळ येईल तसं प्रमाण घसरत जवळजवळ शून्यावर, खाणं झालं की पुन्हा ६५. कानमनच्या पुस्तकात आहे, रॉबर्ट सापोल्स्कींच्या 'बिहेव'मध्ये (२०१७) आहे, व्याख्यानांत तर ऊत आलाय. आमच्या बार रूममध्येही एका तरुण वकिलाने मोठ्या उत्साहात सांगितला.

मी त्याला एवढंच विचारलं, बोर्ड कोणी लावला होता?

कुठल्याही कोर्टात प्रकरणं कोणत्या क्रमाने पुकारली जातात हे आभाळातून पडत नाही. कारकून असतो, शिरस्तेदार असतो, 'साहेब, माझं जरा आधी घ्या' म्हणणारा ज्येष्ठ वकील असतो. ज्याला वकील नाही तो शेवटी. नंतर दोन अभ्यासकांनी त्या तुरुंगांकडे चौकशी केली तर तेच निघालं. एका तुरुंगातली प्रकरणं सलग संपवून मग सुट्टी घ्यायची पद्धत, आणि वकील नसलेले कैदी बहुधा त्या गठ्ठ्याच्या शेवटी. वकील नसेल तर अर्ज फेटाळला जाण्याची शक्यता तशीही जास्त. म्हणजे न्यायाधीशाच्या पोटाचा संबंध असेलही, पण जेवढा सांगितला तेवढा खचित नाही.

हा दोष शोधायला पीएचडी लागत नाही, कोर्टाच्या व्हरांड्यात उभं राहिलं तरी पुरे.

---

खोडरबर

भारी चाललाय धागा. वाचनखूण साठवली.

संख्याशास्त्र शिकवतो, म्हणून थोडं 'स्कार्सिटी'बद्दल. उसाचा पाला यांची हरकत योग्य आहे, पण त्या अभ्यासाला ती पूर्ण लागू होत नाही. तुलना वट असलेला विरुद्ध वट नसलेला अशी नाही, त्याच माणसाची आधीची आणि नंतरची आहे. वट दोन्ही वेळा सारखीच. मला खुपतो तो दुसरा मुद्दा: एकच परीक्षा दुसऱ्यांदा दिली की गुण तसेही थोडे वाढतात. लेखकांनी त्याचा विचार केलाय. काही शेतकऱ्यांना पहिल्यांदा थेट तोडणीनंतरच परीक्षा दिली आणि ताडून पाहिलं. ही माहिती मूळ निबंधात आहे, पुस्तकात ती दोन ओळींत उरकली आहे. तेव्हा कडुलिंब, नुसती मागची पानं वाचून भागत नाही, कधी कधी मूळ निबंधही उघडावा लागतो.

आणि बाकीचा पुरावा? मिश्र. २०१६ मध्ये अमेरिकेत अल्प उत्पन्न गटातल्या लोकांची पगाराच्या आधी आणि नंतर परीक्षा घेतली, फरक सापडला नाही. २०२१ मध्ये टंचाईच्या मानसशास्त्रातले २० अभ्यास पुन्हा करून पाहिले, त्यातले मोजकेच टिकले. पण बहुतेक ऑनलाइन किंवा प्रयोगशाळेत केलेले होते. तिथे 'तुम्ही गरीब आहात अशी कल्पना करा' असं सांगून गरिबी तयार करतात. आता बोला.

उलट ओडिशातला प्रयोग बघा. पत्रावळी करणाऱ्या मजुरांना मजुरी शेवटी एकदम द्यायच्या ऐवजी काही जणांना मधेच थोडी आधी दिली. एकूण रक्कम तीच. तर हातात पैसे पडल्यावर त्यांचं काम सुमारे ७ टक्क्यांनी वाढलं आणि पत्रावळीतल्या चुका कमी झाल्या. फरक जास्त गरीब असलेल्यांत जास्त. मुल्लाइनाथन त्यातही आहेत. खऱ्या माणसांची खरी उधारी असेल तिथे परिणाम दिसतो, काल्पनिक टंचाईत दिसत नाही, असं माझं मत. सिद्ध झालंय असं म्हणत नाही.

---

उसाचा_पाला

सर, त्याच माणसाची आधी-नंतर तुलना, हे माझ्या ध्यानात आलंच होतं. मी वटेचा मुद्दा काढला तो वेगळ्यासाठी. ज्याचा ऊस उशिरा जातो त्याची टंचाई चार महिने जास्त चालते. हे सगळ्यांचं मिळून सरासरी काढल्यावर दिसत नाही. ४६४ ची सरासरी आली, पण त्यातला ज्याचा ऊस सगळ्यात शेवटी गेला तो कुठल्या अवस्थेत होता?

---

खोडरबर

हा प्रश्न मी परीक्षेत विचारणार. 🙏

---

जर्सीकर

त्याच पुस्तकातला दुसरा प्रयोग आमच्या न्यू जर्सीतल्या मॉलमध्ये झालेला. लोकांना विचारलं, गाडीच्या दुरुस्तीला १५० डॉलर लागणार आहेत, काय कराल? दुसऱ्या गटाला १,५०० डॉलर. मग कोडी सोडवायला दिली. दीडशेला गरीब-श्रीमंत सारखेच, दीड हजाराला गरिबांचे गुण घसरले. पगारावर जगणाऱ्या माणसाला इथे गाडी बंद पडणं म्हणजे काय, हे मुंबई-पुण्यात बसून नाही कळणार. बस नाही, रिक्षा नाही, कामावर दांडी.

पण एक सांगतो, या क्षेत्राची खरी गोम २०१० मध्ये जोसेफ हेनरिक आणि सहकाऱ्यांनी उघडी केली. मानसशास्त्राच्या नामांकित नियतकालिकांत अभ्यासलेली ९६ टक्के माणसं पाश्चात्त्य औद्योगिक देशांतली, आणि त्या देशांत जगाची लोकसंख्या १२ टक्के. त्यातही अमेरिकन कॉलेजची पोरं भरपूर, कारण ती फुकट मिळतात. माझी मुलगी स्वतः अशा अभ्यासात बसून गुण मिळवून आली. 'मानवी स्वभाव' म्हणून जे छापलं जातं त्यात माझ्या घरातल्या पोरीचा स्वभाव मिसळलाय एवढं ध्यानात ठेवा. 😀 हेनरिकचं 'द वियर्डेस्ट पीपल इन द वर्ल्ड' (२०२०) पेपरबॅकमध्ये आहे. जाडजूड. पहिला भाग उत्तम. पुढे चर्चच्या लग्नविषयक नियमांमुळे युरोपातली भाऊबंदकी मोडली आणि त्यातून सगळा आधुनिक माणूस घडला असं जे आहे, ते मला फार ताणलेलं वाटलं.

---

हडपसरची_पोर

काका-दादा मंडळी, तुम्ही सगळे 'पेपरबॅकमध्ये आहे' असं म्हणताय जणू ते भेळेच्या भावात मिळतं. समाजशास्त्रात एम.ए. करतेय. परदेशी पेपरबॅक म्हणजे दोन-अडीच हजार. माझा महिन्याचा मेसचा खर्च तेवढाच. भारतीय आवृत्ती निघाली तर हजाराच्या आत, नाही निघाली तर विद्यापीठाच्या जयकर ग्रंथालयात एक प्रत आणि तिच्यावर अख्खा वर्ग.

आम्ही झेरॉक्सवर शिकतो आणि त्यात चोरी नाही, हे कोर्टाने सांगितलंय. २०१२ मध्ये ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस यांनी दिल्ली विद्यापीठाच्या आवारातल्या रामेश्वरी फोटोकॉपी या दुकानावर आणि विद्यापीठावर दावा लावला. वेगवेगळ्या पुस्तकांतली प्रकरणं एकत्र बांधून विद्यार्थ्यांना देतात म्हणून. २०१६ च्या सप्टेंबरमध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने दावा फेटाळला. डिसेंबरमध्ये खंडपीठाने काही मुद्दे पुन्हा तपासायला पाठवले, पण शिकवण्यापुरतं लागतं तेवढं छापायला मुभा ठेवली. २०१७ च्या मार्चमध्ये प्रकाशकांनी दावाच मागे घेतला. माझ्यासारख्या किती जणींचं शिक्षण त्या एका दुकानाच्या नावावर आहे!

आणि कायदेशीर फुकटही बरंच आहे, कुणी सांगत नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या प्रकाशनाचा 'ल्युमिनॉस' म्हणून उपक्रम आहे, २०१५ पासून. त्यातली पुस्तकं पीडीएफमध्ये मोफत उतरवता येतात. जेस्टोर या शोधनिबंधांच्या संकेतस्थळावर नोंदणी केली की महिन्याला ठरावीक लेख फुकट वाचता येतात. वर्गात मी हे सांगितलं तेव्हा निम्म्यांना माहीत नव्हतं.

---

काळा_कोट

ताई, निकालाचा सारांश अचूक. कॉपीराइट कायद्याचं कलम ५२. एवढंच जोडतो, की म्हणून अख्खं पुस्तक झेरॉक्स करून विकायला बसू नका. 'शिकवण्याच्या ओघात' हे शब्द महत्त्वाचे.

---

टोचणी

इतकं सगळं झालं, पण माझा प्रश्न तसाच. अभ्यास आमच्या चावीवाल्याचा, आमच्या ऊसवाल्याचा. पुस्तक इंग्रजीत, छापणार अमेरिकेत, आणि विकत घ्यायला मेसचे पैसे. मराठीत १९१५ मध्ये त्र्यंबक नारायण आत्र्यांनी 'गावगाडा' लिहिला. महसूल खात्यातला माणूस. बलुते-अलुते, फिरस्ते, गावची देणीघेणी सगळं. तेव्हा जमलं, आता का जमत नाही?

---

कडुलिंब

टोचणी, आता मुद्द्याचं बोललात. पण अगदीच जमत नाही असं नाही. वाईहून 'नवभारत' निघत आलंय, 'समाज प्रबोधन पत्रिका' आहे. वर्गणीदार किती, हे मात्र स्वतःला विचारावं. प्राध्यापकाला बढतीसाठी इंग्रजी नियतकालिकातला निबंध लागतो. मराठीत लिहिलं तर गुण कमी, वाचकही कमी. मग तो का लिहील?

आणि आत्रे वाचताना त्यांनाही तोच प्रश्न विचारावा: विचारणारा कोण होता? सरकारी अधिकारी. फिरस्त्या जमातींबद्दल ते जे लिहितात त्यात गावाला लागणारा ताप ठळक दिसतो, त्या जमातींची बाजू नाही.

---

निवृत्त_ग्रामसेवक

नमस्कार. वाचक म्हणून नेहमी असतो, लिहितो क्वचित.

मी 'व्हेअर इंडिया गोज' वाचलं. डायन कॉफी आणि डीन स्पीअर्स, २०१७, पहिल्यापासून पेपरबॅकच. विषय संडास. उत्तरेतल्या पाच राज्यांत त्यांनी ३,२०० घरं फिरून पाहिलं. घरात चालू संडास आहे अशा घरांपैकी ४० टक्क्यांहून अधिक घरांत कुणी ना कुणी तरी बाहेरच जातं! पैसा नाही, पाणी नाही, शिक्षण नाही, ही नेहमीची कारणं त्यांनी एकेक करून तपासली. आपल्याहून गरीब देशांत लोक साधे संडास बांधून वापरतात. मग इथे काय अडलं? त्यांचं उत्तर: खड्डा. खड्डा भरला की उपसायचा कोणी? ते काम कोणत्या जातीकडे लावून ठेवलंय हे सगळ्यांना माहीत. त्या जातीचे लोक आता ते करायला नकार देतात, आणि घरचा माणूस हात लावणार नाही. म्हणून सरकारी छोट्या खड्ड्याचा संडास नको, बांधला तर खोलीएवढा खड्डा हवा. नाहीतर टमरेल घेऊन चालू लागा.

महाराष्ट्र त्या पाच राज्यांत नाही. तरी वाचताना माझी सगळी नोकरी डोळ्यांपुढून गेली. २००० साली आपल्याकडे गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू झालं. पुढे हागणदारीमुक्तीसाठी पहाटे गुड मॉर्निंग पथकं निघायची. मी पथकात होतो. रस्त्याच्या कडेला बसलेल्या म्हाताऱ्याला गुलाबाचं फूल द्यायचं, म्हणजे लाजवायचं. मला ते तेव्हाही आवडत नव्हतं. दोन खड्ड्यांचा संडास समजावून सांगायचो: एक भरला की झाकण लावा, दुसरा वापरा. वर्षभरात पहिल्यातल्याचं खत होतं, वास नाही, काही नाही. लोक मान डोलवायचे. एका वाडीत मी स्वतः मुरलेला खड्डा उघडून कोरडी माती हातात घेऊन दाखवली. सगळ्यांनी बघितली. पुढच्या आठवड्यात सरपंच म्हणाले, 'भाऊसाहेब, तुम्ही हात लावला ते ठीक, पण आता आमच्याकडं चहाला नका येऊ आठवडाभर.' हसत म्हणाले, पण म्हणाले.

पुस्तकाच्या मागच्या पानांबद्दल: सर्वेक्षकांना घरातल्या प्रत्येक माणसाबद्दल वेगळा प्रश्न विचारायला लावलं होतं. 'तुमच्या घरी संडास आहे का' एवढाच नव्हे, तर 'सासरे कुठे जातात, सून कुठे जाते'. आमच्या सरकारी तक्त्यात पहिला प्रश्न असायचा, दुसरा कधीच नाही. म्हणून आमचे आकडे शंभर टक्के यायचे.

---

डबलफास्ट_लोकल

_/\_ भाऊसाहेब. यावर वेगळा धागा काढाच.

---

वाचनवेडी

मी नारायणगावजवळची. चैत्रात आमच्याकडे तमाशाच्या राहुट्या लागतात. फडमालकांच्या नावांचे फलक, आत गादी, पंखा, वही. गावोगावचे पुढारी येतात, जत्रेच्या तारखा आणि सुपारीचा आकडा ठरतो, बिदागी हातावर. लहानपणापासून बघतेय. राहुटीत बाई बसलेली क्वचित दिसते. जिच्या नावावर फड चालतो ती बहुधा कुठल्या तरी गावाच्या वाटेवर ट्रकमध्ये असते.

म्हणून शैलजा पाईक यांचं 'द व्हल्गॅरिटी ऑफ कास्ट' (स्टॅनफर्ड, २०२२) हाती घेतलं. येरवड्याच्या वस्तीत वाढलेल्या, आता सिनसिनाटीला प्राध्यापक, २०२४ ची मॅकआर्थर फेलोशिप मिळालेल्या. पुस्तक तमाशातल्या दलित बायांवर. त्यांचं म्हणणं थोडक्यात: या बायांच्या कष्टावर फड उभे राहिले आणि अश्लील हा शिक्काही त्यांच्याच कपाळी बसला. मग मराठी अस्मितेला लावणी हवी झाली तेव्हा ती धुऊन-पुसून शासकीय मंचावर नेली, नाचणारी मात्र तिथेच राहिली. दुसऱ्या बाजूला आंबेडकरी चळवळीला माणुसकीचं, सन्मानाचं जगणं हवं होतं. तमाशा त्याच्या आड येतो म्हणून तो सोडा, असा आग्रह. तो आग्रह का होता ते पाईक नीट समजून घेतात. पण ज्या बाईचं पोट त्यावर आहे तिने कुठे जायचं, हा प्रश्नही सोडत नाहीत. पवळा, विठाबाई या तमाशा कलावंतांवरचा भाग मी दोनदा वाचला.

पद्धत विचाराल तर मुलाखती, मराठी पुस्तिका आणि वर्तमानपत्रं, सरकारी दफ्तर. स्वतः कोण, कुठून आलो, हे लपवलेलं नाही. त्यामुळे समोरची बाई काय बोलते आणि काय गिळते हे त्यांना कळतं. भाषा मात्र जड आहे. पहिली पन्नास पानं दातांखाली खडे.

एक तक्रार: राहुटीतलं अर्थकारण, म्हणजे उचल, कर्ज, पावसाळ्यात फड बंद असताना घर कसं चालतं, हे मला अजून हवं होतं. उसाचा पाला, तुमची टंचाई इथेही आहे. कलावंतांना उचल आधी देतात आणि मग हंगामभर ती फेडत नाचायचं.

---

उसाचा_पाला

ताई, ऊसतोड टोळीचं बी तसंच. मुकादमाकडनं उचल घेऊन दिवाळीनंतर बैलगाडी जुंपायची. त्यांची कुणी परीक्षा घेतली का तोडणीच्या आधी आणि नंतर? उसाच्या फडाचा मालक ४६४ मध्ये मोजला, फडात कोयता चालवणारा कुठल्या नमुन्यात?

---

खोडरबर

तमिळनाडूच्या नमुन्यात नाही. तिथे फक्त ऊस ज्यांचा आहे ते. आणि टोळीच्या बाबतीत 'आधी गरीब, नंतर सुस्थितीत' असं चित्र उलटंही असू शकतं: हंगामाच्या आधी उचल हातात, हंगाम संपल्यावर अंगावर बाकी. कुणी एम.ए., पीएचडीला विषय शोधत असेल तर हा घ्या. हडपसरची पोर, ऐकताय ना?

---

हडपसरची_पोर

ऐकतेय सर. गाईडना विचारते. त्या म्हणतील, आधी वाचन दाखव. 😅 वाचनवेडी ताई, पाईकांच्या पुस्तकाची कोणती प्रत घेतलीत तुम्ही?

---

वाचनवेडी

अमेरिकेची पेपरबॅक. भाचा येताना घेऊन आला. झेरॉक्स नको, माझीच घेऊन जा, पुण्यात आले की देते. फक्त पेन्सिलीच्या खुणा आहेत, त्या पुसू नकोस.

---

उसाचा_पाला

आणि 'व्हेअर इंडिया गोज' कुणाकडं असंल तर मला पाठवा. पोस्टाचे पैसे देतो, बिल जमा झाल्यावर.

---

निवृत्त_ग्रामसेवक

माझी पाठवतो. पत्ता व्यक्तिगत निरोपातून कळवा, इथे टाकू नका.